कथनाचे पहिले साल

आजच्या घटनेची मुळे इतिहासात शोधून ती उलगडणारा पॉडकास्ट, म्हणजे आंतरजालावरून भागाभागाने प्रसारित होणारी श्राव्य मालिका, रचताना निवेदकाला सर्वांत आधी ठरवावे लागते ते कथन कोणत्या सालापासून सुरू करायचे हे. आणि संहितेतील अन्य कोणत्याही निर्णयापेक्षा श्रोत्याचे मत त्यानेच अधिक घडते.

बेळगावच्या सीमाप्रश्नात हे स्पष्ट दिसते. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली, त्या बातमीचे मूळ १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे राज्य पुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला त्या दिवशी, दाखवले तर मराठी भाषकांवरील अन्याय हा कथनाचा गाभा होतो. तेच कथन १९६७ पासून सांगितले, तर महाजन आयोगाने बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे असे सुचवले आणि महाराष्ट्राने ते नाकारले एवढेच कानात राहते व हट्टाचा ठपका महाराष्ट्रावर येतो. मध्ययुगीन कन्नड शिलालेखांपासून आरंभ केला, तर विसाव्या शतकातील लोकांची भाषाच दुय्यम ठरते. तिन्ही कथनांतील एकेक विधान खरे असूनही श्रोता तीन वेगळ्या निष्कर्षांवर पोहोचतो, म्हणून निवडलेले साल आणि ते निवडण्याचे कारण निवेदकाने पहिल्या काही मिनिटांतच उघडपणे सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे.

या विषयात तर सालापेक्षा एकक, म्हणजे सीमा आखताना प्रदेशाचा जो सर्वांत लहान तुकडा अविभाज्य मानला जातो तो, धरून सुरुवात करणे अधिक न्याय्य ठरते. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात सर्वसाधारणपणे जिल्हा हे एकक धरले, तरीही बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका त्यातून वेगळा काढून मुंबई राज्यात ठेवण्याची शिफारस केली आणि कायद्यात तसेच झाले. महाराष्ट्राची मागणी मात्र खेडे हे एकक, भौगोलिक सलगता आणि बहुसंख्यांची भाषा या कसोट्यांवर उभी आहे, ज्या आंध्र आणि मद्रास यांच्यातील सीमा ठरवताना ह. वि. पाटसकर यांनी वापरल्या होत्या. एका वादात खेडे आणि दुसऱ्यात जिल्हा का, हा प्रश्न श्रोत्यापुढे आला की भांडण भाषाभिमानाचे न राहता मोजमापाचे होते, आणि ते अधिक शांतपणे ऐकता येते.

कानाला नकाशा दिसत नाही, ही या माध्यमाची खरी अडचण होय. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे, हा आकडा नुसता उच्चारल्याने काहीच उभे राहत नाही; त्याऐवजी बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघालेला माणूस थोड्याच वेळात शिनोळीला महाराष्ट्रात शिरतो आणि बाजारासाठी पुन्हा बेळगावलाच येतो, असे सांगितले की सीमा समजते. नावाचेही तसेच आहे: २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी असल्याने निवेदकाच्या तोंडी येणारा प्रत्येक उच्चार कोणत्या तरी बाजूचा वाटतो, आणि लिखित मजकुरात तळटीपेने भागणारा हा खुलासा येथे बोलूनच करावा लागतो.

उलट कागदाला जे साधत नाही ते ध्वनीला साधते. अहवालात भाषकांची टक्केवारी असते, पण घरात मराठी, पेठेत कन्नड आणि कचेरीत तिसरीच भाषा बोलणाऱ्या माणसाचा आवाज तेथे नसतो. या प्रश्नाचा इतिहास सांगताना तो आवाज वगळणे ही मोठी उणीव आहे. १९५६ चे दिवस आठवणारी माणसे बेळगाव, खानापूर आणि निपाणीत आता थोडी उरली आहेत. ज्यांच्या घरी अशी वडीलधारी माणसे आहेत, मग ती मराठी असोत वा कन्नड, त्यांनी त्यांचे बोलणे यंदाच ध्वनिमुद्रित करून ठेवावे.