पिन बसली नाही त्या रात्री

आमचे बिऱ्हाड चंदीगडला. २०१९ च्या थंडीत बाबा साताऱ्याहून राहायला आले आणि आठव्याच दिवशी रात्री त्यांच्या छातीत दुखू लागले. हे कामासाठी दिल्लीला गेलेले. मी एकटीच बाबांना घेऊन इस्पितळात धावले. डॉक्टरांनी विचारले, "कोणत्या गोळ्या घेतात?" गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो माझ्या फोनमध्ये होता, आणि फोन नेमका तेव्हाच बंद पडला!

बाकावरच्या पंजाबी बीजींनी लगेच आपला चार्जर पुढे केला. पण माझ्या फोनची पिन त्या कंपनीची खास. आणखी दोघांचे चार्जर लावून पाहिले, एकही बसेना. शेवटी बीजींच्या फोनवरून आईला उठवले. पाठ असलेला नंबर तेवढा एकच होता. रात्री दोन वाजता, घरात एकटी असलेल्या आईने थरथरत्या आवाजात गोळ्यांची नावे सांगितली. बाबा बरे झाले. पण रात्री फोन वाजला की आई अजून दचकते.

घरी येऊन खण उघडला. त्यात निरनिराळ्या पिनांचे सात चार्जर! भिंतीतल्या सॉकेटला असा हट्ट नसतो. पंखा कोणत्याही कंपनीचा असो, त्याची पिन बसते, कारण ते माप सर्वांनी मान्य केलेले आहे. आमच्या चंदीगडचेच पाहा ना! ल कॉर्बुझिए यांनी बहुतेक सेक्टर ८०० बाय १२०० मीटरच्या एकाच मापात आखले. म्हणून आतली घरे काही सारखी झाली नाहीत.

फोनच्या बाबतीतही आता हे शहाणपण येत आहे. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने यूएसबी टाइप-सीचे मानक जाहीर केले. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना हीच पिन सक्तीची केली. बिनतारी चार्जिंगसाठीही कंपन्यांनी सामाईक मानक ठरवले आहे. मात्र पिन सारखी असली तरी प्रत्येक केबलची ताकद सारखी नसते. लॅपटॉपसाठी घेताना किती वॅटची आहे, हे जरूर विचारावे.

यांचा नंबर मी आता पाठ केला आहे आणि पर्समध्ये टाइप-सीची केबल ठेवते. परवा सेक्टर ४३ च्या बसस्थानकावर एका रडवेल्या मुलीचा फोन बंद पडला होता. मी केबल पुढे केली. पिन बसली, आणि मला बीजी आठवल्या.