वानखेडेवरचा चौथा दिवस

महिलांची कसोटी वानखेडेवर आहे म्हटल्यावर मी महालक्ष्मी एक्सप्रेसची दोन तिकिटं काढूनच टाकली. एक माझं, एक भाचीचं.

याआधी आपल्या मुली मायदेशात कसोटी खेळल्या होत्या नोव्हेंबर 2014 मध्ये, म्हैसूरला. मग नऊ वर्षं घरी एकही नाही. परदेशात 2021 मध्ये दोन, ब्रिस्टलला आणि गोल्ड कोस्टला, बस्स. आमच्या कोल्हापूरची अनुजा पाटील भारताकडून टी-ट्वेंटी खेळली ती बरीचशी याच काळात. ऑफस्पिनर. फिरकी गोलंदाजाची खरी परीक्षा आणि खरी मजा चौथ्या दिवशीच्या खेळपट्टीवर. ती तिला भारतासाठी कधी मिळालीच नाही. मला याचं आजही फार वाईट वाटतं.

डिसेंबर 2023 मध्ये मात्र लागोपाठ दोन कसोट्या आल्या. आधी नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर इंग्लंडला 347 धावांनी हरवलं. मग वानखेडेवर ऑस्ट्रेलिया. या मैदानात महिलांची कसोटी होत होती ती थेट 1984 नंतर.

आम्ही बघितला तो रविवार, 24 तारीख. ऑस्ट्रेलिया 5 बाद 233, आघाडी 46 ची. आघाडी छोटीच, पण समोर ऑस्ट्रेलिया, त्यामुळं माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. स्नेह राणा गोलंदाजीला आली. भाचीही ऑफस्पिन टाकते. ती धावफलकाकडं बघतच नव्हती. राणाचा हात वर गेला की हिची बोटं मांडीवर आपोआप वळायची. मध्येच म्हणाली, "आत्या, हिनं हा बॉल हळू सोडला बघ." मला दिसलं नव्हतं, तिला दिसलं. शेवटचे पाच गडी 28 धावांत गेले.

75 धावा हव्या होत्या. शफाली लवकर बाद झाली, पण स्मृती मानधना उभी राहिली. सांगलीची पोरगी, म्हणजे आमच्या शेजारचीच! नाबाद 38. ऑस्ट्रेलियाशी आपण कसोटी खेळतोय 1977 पासून, आणि हा पहिला विजय. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

परतीच्या गाडीत भाचीचा एकच प्रश्न, पुढची कसोटी कधी? ती जूनमध्ये चेन्नईत झाली, दक्षिण आफ्रिकेशी. शफाली 205, स्मृती 149, सलामीलाच 292. आम्ही घरी टीव्हीसमोर होतो, आणि भाचीच्या सरावाच्या मैत्रिणीही आमच्याकडंच आल्या होत्या.