मान वर करून पाहा!

बालमित्रांनो, पुण्यात आलात की शनिवारवाडा तुम्ही पाहताच. पण एकदा पिशवी घेऊन आईबाबांबरोबर शुक्रवार पेठेतल्या मंडईतही जा. आणि भाजी घेता घेता जरा मान वर करून पाहा!

दगडी भिंती, टोकदार कमानी, उतरतं छप्पर आणि मधोमध अष्टकोनी मनोरा. लांबून पाहिलं तर चर्चच वाटावं! युरोपातल्या जुन्या चर्चच्या या शैलीला 'गॉथिक' म्हणतात. मनोऱ्यापासून इमारतीच्या लांबच लांब भुजा निघतात आणि त्यांत भाजीवाल्यांचे गाळे आहेत. छप्पर चांगलं उंच, त्यामुळे हवा खेळती राहते आणि कोथिंबिरीला ऊन लागत नाही. आहे की नाही युक्ती?

पूर्वी भाजीबाजार भरायचा शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात, अगदी उघड्यावर. मग नगरपालिकेनं पक्की मंडई बांधायचं ठरवलं. आराखडा केला वॉल्टर डकेट यांनी आणि बांधकाम केलं वासुदेव बापूजी कानिटकर यांनी. ५ ऑक्टोबर १८८६ रोजी गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून नाव पडलं 'रे मार्केट'.

आता खरी गंमत ऐका. या मंडईला चक्क विरोध करणारे एक सभासद नगरपालिकेत होते. त्यांचं म्हणणं, एवढा पैसा इमारतीवर घालवण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. कोण होते ते? महात्मा जोतीराव फुले! फुलांच्या धंद्यामुळे ज्यांच्या घराण्याला 'फुले' हे आडनाव मिळालं, तेच जोतीराव बरं का! बाजार त्यांना काही परका नव्हता. पण १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या या माणसाला शाळा आधी हवी होती.

मंडई झालीच. आणि पुढे पुणेकरांनी तिला नाव दिलं 'महात्मा फुले मंडई'!

मग जोतीरावांचं चुकलं होतं का? मंडई तर आजही गजबजलेली आहे. २०२४ पासून तिच्याजवळ जमिनीखालून मेट्रोसुद्धा धावते. पण गावाची तिजोरी एकच असते, आणि आधी काय करायचं हे कुणाला तरी विचारावंच लागतं. जोतीरावांनी ते भर सभेत विचारलं.

तुम्ही त्या सभेत असता, तर हात कशासाठी वर केला असता? घरी जाताना आईबाबांनाही विचारा!