मागच्या खोलीतला आवाज

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत माझं टेबल आणि कॉम्प्युटर. मागच्या खोलीत चूल-भांडी आणि अम्मी. मधल्या दाराला कडी कधी लागली नाही, नुसता पडदा आहे. मी पुढे बसून काम करतो आणि मागून अम्मीचं बोलणं येत राहतं. दूधवाला आज उशिरा आला. शेजारच्या खालाच्या नातीचं ठरलं. तांदळात खडे फार निघाले. तिला उत्तर हवंच असतं असं नाही. मी ‘हं’ म्हणतो, ती पुढे बोलते.

माझं काम प्रोग्रॅम लिहिण्याचं. पायथन नावाची भाषा त्यासाठी वापरतो. गिडो व्हान रॉसम या डच माणसानं केलेली ही भाषा १९९१ साली लोकांसमोर आली. तिच्यात कॉम्प्युटरशी थेट बोलण्याची एक सोय आहे, तिला कन्सोल म्हणतात. स्क्रीनवर तीन बाण उमटतात, म्हणजे ‘बोला’. आपण एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं. उत्तर खाली येतं आणि पुन्हा तीन बाण. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. दस्तरखानावर वडीलधाऱ्यांसमोर जो अदब असतो तोच.

पण एखादं लांबलचक काम मागे लावून दिलं, की हा अदब मोडतो. मागचं कामही त्याच स्क्रीनवर बोलतं, कारण स्क्रीन एकच. मी अर्धी ओळ लिहिलेली असते आणि तिच्या पोटातच ‘पान ४१२ झालं’ असं काही येऊन पडतं. नवशिक्याला वाटतं, लिहिलेलं गेलं. गेलेलं नसतं. आपली अक्षरं आत शाबूत असतात, विस्कटतो तो फक्त स्क्रीन. कंट्रोल आणि एल ही बटणं एकत्र दाबली की बहुधा स्क्रीन पुसला जातो आणि आपली ओळ पुन्हा नीट दिसते. पण दर मिनिटाला हे कोण करणार?

दोन वर्षांपूर्वी मी जुन्या नोंदवह्यांच्या छायाचित्रांचं काम घेतलं होतं. हजारो पानं होती. एक तयार प्रोग्रॅम सगळी छायाचित्रं एकामागून एक सरळ करून देई. तो मी पायथनमधून मागे चालवत असे आणि पुढे कन्सोलवर माझी दुसरी कामं करत असे. त्याला दर पानाला दोन-चार ओळी बोलायची सवय. पहिल्या दिवशीच मी वैतागलो आणि त्याचं सगळं बोलणं ‘डेव्ह नल’कडे वळवलं. युनिक्स घराण्यातल्या कॉम्प्युटरांत ही एक बिनतळाची विहीर असते. तिच्यात टाकलेलं परत येत नाही. घरात कशी शांतता झाली! तिसऱ्या दिवशी पाहतो तर चाळीसेक पानं कोरी. ती छायाचित्रं मुळातच बिघडलेली होती आणि प्रोग्रॅम बिचारा प्रत्येक वेळी ओरडून सांगत होता. त्या तक्रारी मीच विहिरीत टाकल्या होत्या.

मग मी शहाणपणा केला. बोलणं फेकायचं नाही, साठवायचं, सवडीनं वाचू. त्याचं तोंड एका नळीला जोडलं. या नळीला पाइप म्हणतात. तिच्या एका टोकाला बोलणारा, दुसऱ्या टोकाला ऐकणारा. रात्री काम लावून झोपलो. सकाळी पाहतो तर काम अर्ध्यावर थांबलेलं. तक्रार नाही, चूक नाही. प्रोग्रॅम मेलेलाही नव्हता, नुसता उभा होता.

कारण शोधायला दुपार झाली. लिनक्समध्ये या नळीत साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात. समोरून कोणी वाचत राहिलं तर नळी रिकामी होत जाते. कोणी वाचलंच नाही तर ती भरते, आणि मग बोलणाऱ्याला थांबवून ठेवलं जातं. मी नळी जोडली होती, वाचायला कोणाला बसवलं नव्हतं. तोंडातला शब्द तोंडात घेऊन तो प्रोग्रॅम रात्रभर उभा होता.

त्याच आठवड्यातली गोष्ट. अम्मी चहा घेऊन आली आणि दाराच्या चौकटीला डावा खांदा जोरात लागला. चहा सांडला. मी म्हणालो, “अम्मी, देखके ना!” ती म्हणाली, “उधरका दिखताच नै बेटा.” कधीपासून? तर म्हणे, बरेच महिने झाले. मग सांगितलं का नाही?

“बोली थी ना. दो बार बोली. तू हं बोला.”

त्यानंतर ती त्याविषयी बोललीच नव्हती. तू काम में रहता, बीच में क्या बोलना, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. डोळ्यात दाब वाढतो, आतली नस झिजत जाते, आणि बाजूचं दिसणं हळूहळू कमी होतं. त्यात गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून दाब आटोक्यात ठेवायचा आणि उरलेली सांभाळायची. डॉक्टर हे शांतपणे सांगत होते आणि मला ती भरलेली नळी दिसत होती.

कामाचा प्रश्न सुटायला मग फार वेळ लागला नाही. नळीच्या या टोकाला एक वाचणारा बसवला. त्याचं काम इतकंच की सतत वाचायचं आणि फाइलमध्ये लिहून ठेवायचं. मध्येच स्क्रीनवर यायचं नाही. पायथनमध्ये त्या तीन बाणांच्या जागी आपलं काही ठेवता येतं, आणि प्रत्येक नव्या ओळीआधी ते नव्यानं विचारलं जातं. तिथं मी मोजणी ठेवली : इतकी पानं झाली, इतक्या तक्रारी आल्या. माझी ओळ मोडत नाही, पण पुढची ओळ लिहिण्याआधी मागची खबर डोळ्यांखालून जातेच. बॅश नावाच्या जुन्या कन्सोलची रीत मुळातच अशी आहे. मागचं काम संपलं तरी तो तुम्हाला तोडत नाही. तुमची ओळ होऊ देतो आणि पुढच्या खुणेआधी हळूच सांगतो.

युनिक्सची आणखी एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. तिथं साध्या बोलण्याचा मार्ग वेगळा आणि तक्रारीचा वेगळा. साधं बोलणं थांबू शकतं. तक्रारीला मात्र दार उघडं ठेवावं, तिनं ओळ मोडली तरी हरकत नाही. माणसाच्या बोलण्यात हे दोन मार्ग वेगळे नसतात. तांदळातले खडे आणि डोळ्यातला अंधार अम्मी एकाच आवाजात सांगते. म्हणून सगळंच ऐकावं लागतं.

आता रोज रात्री तिच्या डोळ्यात थेंब मी घालतो. मागून आवाज आला की हातातली ओळ पुरी करतो, उठतो आणि पडदा बाजूला करून विचारतो, “क्या बोले अम्मी?”

बहुतेक वेळा दूधवालाच असतो.