उरलेली बाही

गेल्या आठवड्यात तांदळाची गोणी आली, 25 किलोची. तोंड उघडायला मी कात्री आणायला वळले, तर गोणी खांद्यावरून उतरवणारा मुलगा म्हणाला, "काकू, कात्री कशाला?" त्यानं शिवणीचं एक टोक चाचपलं, नखानं पहिला टाका मोकळा केला आणि दोरा ओढला. सर्रर्र. या टोकापासून त्या टोकापर्यंत गोणीचं तोंड उघडलं आणि अखंड दोरा त्याच्या हातात आला. दोरा बोटाला गुंडाळून खिशात घालून तो निघूनही गेला.

मी तिथंच उभी राहिले. इतकी वर्षं गोण्या मी कात्रीनंच उघडत आले. हा आवाज मला माहीत होता, पण तो तांदळाचा नव्हता. तो लोकरीचा होता, आणि आत्याच्या हातातला होता.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. आमचं साताऱ्याचं घर उभं राहिलं, पण माडीच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. पुढचे कितीतरी दिवस आम्ही रात्री अंगणात झोपलो. मी नऊ वर्षांची. डिसेंबरची थंडी, खाली सतरंजी, वर ताडपत्री, आणि मधूनच जमीन हलल्याचा भास. माझा स्वेटर मला कधीच आखूड झाला होता. दुसऱ्या रात्री आत्या कुणाचं न ऐकता घरात गेली आणि तिच्या ट्रंकेतून एक तपकिरी स्वेटर घेऊन बाहेर आली. पुरुषी मापाचा, लांबलचक बाह्यांचा. आमच्या घरात तो कुणाच्याच अंगावर मी पाहिला नव्हता.

"कुणाचा गं हा?" मी विचारलं.

"आता नुसती लोकर आहे," ती म्हणाली.

कंदिलाजवळ बसून तिनं स्वेटर उलटा केला. काखेतून खालच्या काठापर्यंत आलेल्या जोडावर बोट फिरवत नेलं आणि काठाशी लपवलेलं चार बोटं लांबीचं टोक बाहेर काढलं. ते शेवटच्या कडीतून मागं घेतलं आणि ओढलं. सर्रर्र. पाठ आणि पुढा वेगळे झाले. मग दुसरी बाजू. मग बाह्या, मग खांदे. एकदाही कात्री लागली नाही. सुटलेला काठ तिनं माझ्यापुढं धरला. "बघ, काठाला कुठं काही झालं नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. भूकंपाचं म्हणाल तर मला भेग आठवते आणि हे वाक्य.

आत्या स्वेटर कधी शिवत नसे, जोडत असे. विणायची दोन सुयांवर, सगळ्यांसारखी, आणि पाठ, पुढा, बाह्या असे सगळे भाग तयार झाले की क्रोशाची सुई काढायची. दोन भाग सुलट बाजू आत ठेवून काठाला काठ लावायचे, आकडी दोन्ही काठांतून आरपार घालायची, पलीकडून लोकर ओढून आणायची आणि ती आकडीवरच्या फेऱ्यातूनही काढून घ्यायची. झाली एक कडी. अशा कड्यांची साखळी काठाकाठानं पुढं सरकत जायची. खांबसुद्धा नाही, मुका खांबही नाही. क्रोशात याहून साधं काही नसेल. पण त्याची तयारी पहिल्या ओळीपासून करावी लागे. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा, म्हणजे काठाला आपोआप कड्या पडतात, दोन ओळींना एक. पाठीच्या 96 ओळी झाल्या की काठाला 48 कड्या. पुढ्यालाही 48 च हव्यात. दर दहा कड्यांना ती रंगीत दोरा बांधून ठेवायची, त्यामुळं जोडताना एक बाजू पुढं पळाली असं कधी झालं नाही. आणि आकडी नेहमी एक नंबर जाड घ्यायची. बारीक आकडीनं साखळी घट्ट बसते, काठ आखडतो आणि स्वेटर बाजूनं वर चढतो.

गाठ मारायची नाही. हा तिचा एकच कडक नियम होता.

आठवीत आम्हाला हस्तकलेच्या तासाला बाळाचा स्वेटर करायला होता. मी पांढऱ्या तीनपदरी लोकरीचा केला आणि आत्यानं शिकवलं तसा जोडला. बाईंनी तो उलटा केला, आतली उंच आलेली साखळी दोन बोटांत धरली आणि सगळ्या वर्गाला दाखवली. "हे शिवलेलं नाही. हे नुसतं अडकवलेलं आहे." मग टोक शोधून ओढायला लावलं, माझ्याच हातानं. स्वेटर एका दमात सुटला आणि वर्ग हसला. दहापैकी चार गुण मिळाले. आज मला सदुसष्ट वर्षं झाली, अजून ते चार गुण मला सलतात.

बाईंच्या बाजूनं एवढं खरं, की तान्ह्या बाळाच्या नाजूक कातडीला आतली साखळी टोचू शकते, आणि पातळ लोकरीच्या कुशीला बोथट सुईनं घातलेली न दिसणारी शिवण अधिक सपाट बसते. ती शिवण मी पुढं शिकले, वापरलीही. पण "अडकवलेलं" हा शब्द मी कबूल करणार नाही. सुईनं शिवायचं तर लोकर हातभर तोडून घ्यावी लागते, आणि तोच हातभर धागा शंभर वेळा विणीतून ओरबाडत जातो. शेवटी शेवटी तो पिंजतो, पीळ सुटतो, विरळ होतो. म्हणजे ज्या धाग्यानं सगळं धरून ठेवायचं, तोच सगळ्यांत झिजलेला. आकडी लोकर थेट गुंड्यातून घेते, आणि लोकरीचा प्रत्येक भाग काठातून एकदाच जातो. आणि खांद्याचं काय? सगळ्या स्वेटरचं वजन खांद्यावर लटकतं. तिथं साखळी हवीच, नाहीतर दोन हिवाळ्यांत खांदा दंडावर उतरतो.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की आमच्या घरात कुठलाच स्वेटर कायमचा नव्हता. मूल वाढलं की तो उसवायचा, लोकरीच्या लडी करून धुवायच्या, वेटोळी जावीत म्हणून टोपातल्या वाफेवर धरायच्या आणि दुसऱ्या रंगाचा पट्टा घालून मोठ्या मापाचा विणायचा. शिवलेला स्वेटर उसवताना शिवण कुठली आणि वीण कुठली ते कळत नाही. कात्रीचं टोक एकदा विणीत गेलं की लोकरीचे तुकडेच तुकडे. बाईंच्या घरी दर वर्षी नवी लोकर येत असेल.

पुष्कळ वर्षांनी मी एलिझाबेथ ग्रँट या स्कॉटिश बाईंच्या आठवणी वाचल्या. त्यांचा जन्म 1797 चा, आणि पुस्तक निघालं त्यांच्या मृत्यूनंतर, 1898 मध्ये. 1812 च्या सुमाराच्या गोष्टी सांगताना त्या आपल्या वडिलांच्या जहागिरीतल्या एका म्हाताऱ्याच्या बायकोबद्दल लिहितात. ती घरी कातलेल्या लोकरीचं विणकाम एका छोट्या आकडीनं करायची. तिच्या तोंडी त्याचं नाव मेंढपाळांचं विणकाम. ती आकडी तिनं स्वतःच केली होती, कासवाच्या पाठीच्या एका जुन्या फणीचा दात घेऊन. त्यावर ती नवऱ्यासाठी टोप्या करायची, हिवाळ्यात आतून घालायचे कपडेही करायची. इंग्रजीतल्या आकडीच्या विणकामाच्या अगदी सुरुवातीच्या उल्लेखांत हा धरतात. क्रोशे हा फ्रेंच शब्द, लहान आकडी एवढाच त्याचा अर्थ. तो इंग्रजीत रुळायच्या आधी ही बाई फणीचा दात घासत बसली होती. मेंढपाळी विणकाम म्हणजे ही सरकती साखळीच, असं जाणकार मानतात. म्हणजे आत्याचीच.

या एलिझाबेथ पुढं मुंबईला आल्या. त्यांचे वडील मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश होते, आणि 1829 मध्ये त्यांचं लग्नही मुंबईतच झालं. हे वाचलं त्या दिवशी मला उगाचच वाटलं, की ती आकडी बोटीतून इथं आली असेल. तसा काही पुरावा नाही. पण मला ते आत्याला सांगायचं होतं, आणि ती 2009 मध्येच गेली होती.

आत्याची आकडी घराबाहेरच्या कामालाही आली होती. तिच्या लग्नाआधी, 1962 मध्ये, ती वीस वर्षांची होती. 20 ऑक्टोबरला चीननं हल्ला केला आणि आपले जवान बर्फात अपुऱ्या कपड्यांनिशी लढताहेत हे घरोघर कळलं. संरक्षण निधीला बायका बांगड्या देत होत्या. त्याच नोव्हेंबरात कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा साताऱ्याला ते आपल्याच घरातलं कुणी गेल्यासारखं होतं. देशभर बायका जवानांसाठी स्वेटर विणायला बसल्या, तशा आमच्या पेठेतल्याही बसल्या. लष्करी हिरव्या रंगाची लोकर वाटून घेतली. एकीनं पाठ, दुसरीनं पुढा, ज्यांना घाट जमत नव्हता त्यांनी बाह्या. आणि हे सगळं आत्याकडं जोडायला.

ती सांगायची, की तेव्हा तिला माणसांचे हात कळले. सुया त्याच, दहा नंबरच्या, टाके तेवढेच, तरी एकीची पाठ दोन बोटं रुंद आणि दुसरीचा पुढा दोन बोटं अरुंद. कुणाचा हात सैल, कुणाचा कडक. कोण घाईत होती, कोण रात्री जागून विणत होती, कुणाचं लक्ष नव्हतं, सगळं काठावर दिसायचं. अशा दोन काठांना सुई जुळवून घेत नाही, चुण्या पडतात. आकडी घेते. इकडची एक कडी सोडायची, तिकडच्या एकाच कडीत दोनदा जायचं. हळूहळू दोघींचं माप एक होतं. नरसापूरच्या लेसबद्दल मी वाचलं, तेव्हा मला ही आत्याच दिसली. गोदावरीच्या मुखाशी मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथल्या बायकांना क्रोशा शिकवला. मारिया मीस यांनी 1982 मध्ये या बायकांवर पुस्तक लिहिलं. त्यात फुलं विणणाऱ्या वेगळ्या आणि ती जोडणाऱ्या वेगळ्या. मजुरी नावापुरती, आणि काम करतात असंही कुणी म्हणत नाही, घरी बसलेल्या असतात म्हणतात. आत्याबद्दलही आमच्याकडं असंच म्हणत. घरीच तर असते.

तिचं लग्न 1963 मध्ये झालं आणि 1965 मध्ये ती एक ट्रंक घेऊन परत आली. त्या ट्रंकेत तो तपकिरी स्वेटर होता. तो कुणासाठी विणला होता हे मला आईनं फार पुढं सांगितलं, तेही स्वयंपाकघरात, माझ्याकडं पाठ करून. तिकडं काय झालं ते आईलाही माहीत नव्हतं. आत्यानं कुणाला दोष दिला नाही, कुणाची क्षमाही मागितली नाही. लोक "मोडलं" म्हणायचे. ती त्या शब्दावर मान वर करून बघायची आणि पुन्हा विणायला लागायची.

अंगणातल्या त्या कंदिलाशी मी पुन्हा पुन्हा जाते. मी तेव्हा तिच्या हाताकडं पाहत होते, चेहऱ्याकडं नाही. चेहऱ्याकडं बघायला हवं होतं. तपकिरी लोकरीचा माझा स्वेटर बारा दिवसांत झाला. बाहीला पांढरे दोन पट्टे घातले, लोकर पुरावी म्हणून. तो उबदार होता, थोडा टोचायचा. मी तो चार हिवाळे घातला आणि मग तोही उसवला गेला. पुढं त्या लोकरीचं काय झालं, मला आठवत नाही.

आत्याच्या सुया आणि आकड्या आता माझ्याकडं आहेत. त्या एका हिरव्या पिशवीत असतात, तोंडाला नाडी ओवलेली. ती पिशवी म्हणजे एक बाही आहे. 1962 च्या 21 नोव्हेंबरला चीननं युद्ध थांबवल्याचं जाहीर केलं, हळूहळू लोकर येणं बंद झालं, आणि पेठेतल्या कुणीतरी विणून दिलेली ही एक बाही जोडायला काही न उरल्यामुळं तशीच राहिली. कुणाची ते आत्यालाही आठवत नव्हतं. दुसरी बाही दुसऱ्याच कुणाकडं होती, ती झालीच नाही. वाया जायला नको म्हणून आत्यानं एक तोंड साखळीनं बंद केलं.

परवा ते बंद तोंड मी उघडलं. टोक जागच्या जागी होतं, चार बोटं. सर्रर्र. काठाला काही झालं नव्हतं.

मग बाही मांडीवर पसरून मोजत बसले. इंचाला साडेसात टाके. माझ्या हातचे दहा नंबरवर साडेसहाच येतात. मी त्याहून बारीक, अकरा नंबरच्या सुया घेतल्या, सात आले. बारा नंबरवर जमलं. ही बाही विणणारी दहावरच विणत असेल तर तिचा हात फार कडक होता. बॉर्डरच्या वर सातव्या ओळीत, उजवीकडून तेराव्या ठिकाणी, सुलट टाक्यांच्या मधोमध एकच टाका उलट पडलाय. कुणी हाक मारली असेल. रेडिओवर बातम्या लागल्या असतील. त्यानंतर एकही चूक नाही.

तो हिरवा रंग बाजारात मिळाला नाही; दुकानदारानं चारपाच लडी काढून दाखवल्या, त्यातला जवळचा घेतला. पाठ नाही, पुढा नाही. तरी मी दुसरी बाही घातली आहे. रोज दुपारी थोडी विणते. एवढ्या बारीक सुयांवर बोटं दुखतात, म्हणून दहाबारा ओळींवर थांबते. काल बॉर्डर संपली, आज सातवी ओळ आली. बारा टाके सुलट विणले, आणि तेरावा उलट घातला.