आधी पाणी, मग जाळ

परवा अमेरिकेहून धाकट्याचा फोन. "दादा, बंब जळला रे!"

मी चक्रावलोच. मिशिगनमध्ये कसला आलाय बंब? मग उलगडा झाला. साहेबांनी जुनी आरव्ही घेतलीय, म्हणजे चाकांवरचं घर. तिच्यात पाणी तापवायला साधारण २२ लिटरची टाकी असते, गॅसवर आणि विजेवरही चालणारी. थंडीत पाणी गोठून ती फुटू नये म्हणून रिकामी करतात, आणि बायपासची चावी फिरवून पाणी बाहेरच्या बाहेर वळवतात. ती चावी पूर्ववत करायला हा पठ्ठ्या विसरला. नळाला पाणी येतंय म्हणून विजेचं बटण दाबलं. टाकी कोरडी! कॉइल गेली.

सांगलीला आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधल्या नळ्यात गोवऱ्या, चिपाडं पेटवायची, भोवती पाणी. नरसाळ्यातून तांब्याभर गार ओतलं की तोटीतून तेवढंच कढत बाहेर. पण काडी ओढण्याआधी आजी विचारणारच, "पाणी भरलंस का?" कोरडा बंब पेटवला तर सांधे उकलतात, गळायला लागतो. धाकट्याने लहानपणी त्यावरून मारही खाल्लाय :)

२०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात शिरलं. ओसरल्यावर मी साताऱ्याहून गेलो, गाळ उपसला आणि बंब भंगारात वजनावर देऊन टाकला. धाकट्याला विचारलं नाही. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतंच.

त्याला म्हटलं, टाकी गार झाल्यावर, दाब काढून मगच उघड. तळाचा क्षार धुऊन घे. आत मॅग्नेशियमची कांडी असेल तर बघ. टाकीऐवजी ती गंजते, फार झिजली असेल तर बदल. (इथे बोअरच्या पाण्यामुळे गीझरचं हेच मी दरवर्षी करतो.) मग आधी बायपासची चावी सरळ कर, गरम पाण्याचा नळ उघड. हवा फसफसायची थांबून सलग धार आली, की मगच बटण.

"आजीचंच की हे," तो हसला. मग जरा थांबून, "दादा, बंब किती किलो भरला रे?"

आकडा आठवत होता, पण सांगवेना. म्हटलं, "तुला विचारायला हवं होतं मी."

"हं.." एवढंच. पण फोन ठेवला नाही त्याने. टाकी कशी धुवायची, ते पुन्हा पहिल्यापासून विचारत बसला.

असो. मीही पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.