घाट, फटफटी आणि चार थेंब तेल

दसरा झाला, पेपर तपासून हातावेगळे झाले आणि महाडच्या मावशीचे "अरे, तोंड तरी दाखवून जा!" हे वाक्य फोनवर तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी घरात जाहीर केले, की या खेपेस एस.टी.ने नव्हे, वरंध घाटातून फटफटीने जायचे.

फटफटी वडिलांची. तिच्याविषयी मला जितका जिव्हाळा, तितकेच अज्ञान! सौ.ने डबा भरता भरता विचारले, "अहो, तिची मूठ सोडली तरी मागं फिरत नाही, असं म्हणत होतात ना? माझ्या शिवणयंत्राचं तेल घाला दोन थेंब."

मी हसलो. शिवणयंत्राचे तेल, आणि फटफटीला! गुढीपाडव्याला मी स्वतः चाकाचे दाट, पिवळे ग्रीस तिच्या सगळ्या वायरींच्या तोंडांत बोटाने कोंबले होते. वंगण जितके घट्ट तितके टिकाऊ, असा माझा सिद्धान्त होता. वर्गात असले सिद्धान्त खपून जातात. घाट मात्र हजेरीपुरता बसलेला विद्यार्थी नव्हे.

पहाटे पुणे सोडले. कापूरहोळला सातारा रस्ता सोडून भोरकडे वळलो, तेव्हा उन्हे नुकती शेतांवर उतरत होती. भोर मागे पडले, की नीरा देवघर धरणाचे पाणी कितीतरी वेळ वाटेला सोबत करते. हा हिरडस मावळ. बांदलांचा आणि बाजीप्रभूंचा. पावसाळ्यात दरडींमुळे हा रस्ता अनेकदा बंद ठेवावा लागतो. त्यामुळे पाऊस सरल्यावर येथून जाणाऱ्याला डोंगराने दार उघडल्यासारखे वाटते. कड्यांवर ओल होती, गवत पिवळे पडू लागले होते. मागे बसलेली सौ. एकेक डोंगर दाखवून त्याचे नाव विचारीत होती आणि मी मराठीच्या प्राध्यापकाला शोभेल अशा आत्मविश्वासाने निम्मी नावे चुकीची सांगत होतो.

वाघजाईच्या अलीकडे एका वळणावर मी मूठ सोडली. इंजिनाचा आवाज मात्र उतरेना. पेट्रोल जसेच्या तसे चालू आणि समोर दगडी कठडा! क्लच दाबू गेलो, तर तीही वायर इतकी जड, की बोटे अर्ध्यावरच अडली. अखेर चावी फिरवून इंजिन बंद केले आणि दोन्ही ब्रेक दाबले. फटफटी कठड्यापासून दोन हातांवर थांबली. कठड्यापलीकडे कोकण होते, फार खोल. सौ. एक शब्द बोलली नाही. तिची माझ्या खांद्यावरची बोटे मात्र बराच वेळ सुटली नाहीत.

फटफटी ढकलत वाघजाईच्या देवळाशी आणली. तेथे भज्यांची नि चहाची दुकाने आहेत आणि गिऱ्हाइकाच्या बशीवर नजर ठेवून बसलेली माकडेही. दुकानातल्या म्हातारीने आमचे चेहरे पाहून आधी पाणी दिले, मग हकीकत ऐकून वाटीत गोडेतेल आणून ठेवले. मी वाटी उचलणार, इतक्यात चहा पीत बसलेला एक ट्रकचालक म्हणाला, "मास्तर, ते नका घालू. या कढईच्या कडा बघा."

कढईच्या कडांवर तेलाचा तपकिरी, चिकट थर साठला होता. खायचे तेल हवेने नि उष्णतेने आटून असेच राळेसारखे होते. आज सरकलेली वायर उद्या त्यातच चिकटायची. त्या माणसाने मुठीचे दोन स्क्रू काढले, वायरीचे तोंड मोकळे करून फडक्याने पुसले आणि इंजिनाच्या तेलाची पातळी पाहण्याची काडी ओढून तिच्या टोकावरचे तेल थेंबाथेंबाने त्या तोंडात सोडले. दहा-बारा थेंब आणि मधूनमधून ओढाओढ. मूठ हळूहळू मागे फिरू लागली. "एवढ्यावर महाड गाठा," तो म्हणाला, "पण सावकाश." पैसे त्याने घेतले नाहीत, भज्यांची एक बशी मात्र नाकारली नाही.

माझेरी, वरंध, बिरवाडी अशी गावे मागे टाकीत आम्ही उतरलो. वाटेत शिवथरघळीचा फाटा लागला. दासबोधाचे लेखन झाले असे मानतात ती ही जागा. आळसावर समर्थांनी केवढे लिहिले आहे! मी मान खाली घालून पुढे निघालो.

महाडला मावशीच्या शेजारच्या मुलाने एका गॅरेजात नेले. तिथल्या वयस्क चाचांनी दोन्ही वायरी काढून माझ्यासमोर धरल्या. ही रचना सोपी आणि मोठी हुशारीची आहे. बाहेर पोलादी तारेची वेटोळी नळी आणि आत बारीक तारांचा पीळ. नळी जागेवर ठाम राहते, म्हणून आतली तार वळणावळणांतूनही ओढता येते. अर्नेस्ट बाउडेन यांनी या युक्तीचे पेटंट १८९६ साली घेतले. सायकलच्या ब्रेकपासून फटफटीच्या क्लचपर्यंत तीच युक्ती चालत आली आहे.

"तुमचं ग्रीस आत गेलंच नाही," चाचा म्हणाले. "तोंडाशीच बसलं आणि धूळ धरत राहिलं. आत पाणी गेलं, ते गंजवत बसलं."

त्यांनी गॅसची वायर खिळ्याला उभी टांगली, वरच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा शंकू दोऱ्याने घट्ट बांधला आणि त्यात पातळ तेल ओतले. कितीतरी वेळाने खालच्या टोकातून काळे-तांबडे पाणी टपकू लागले. "रात्रभर राहू द्या. खालून स्वच्छ तेल आलं, की झालं."

मी विचारले, "हे डब्यातले फवारे मारले तर?"

"गंज सोडवायचे फवारे मळ धुतात, पाणी हटवतात, पण मागं फारसं काही उरत नाही. त्यानं धुवा, पण वर तेल घाला. ग्रीस हवं ते लिव्हरच्या खिळ्याला आणि वायरीच्या टोकाच्या गोळीला. आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या नव्या वायरी निराळ्या. त्यांतल्या काहींना तेल नकोच असतं, काहींना सिलिकॉनचं सुकं वंगण चालतं. गाडीबरोबरचं पुस्तक वाचावं, सर."

पुस्तक वाचावे, हे मला दुसऱ्याने सांगायची वेळ आली!

क्लचच्या वायरीकडे पाहून मात्र त्यांनी मान हलवली. गोळीजवळ पिळातल्या दोन तारा तुटून काट्यासारख्या उभ्या होत्या. "तार तुटली की तेलाचा उपयोग नाही. नवीच टाकायची."

सकाळी दोन्ही वायरी बसवल्या. चाचांनी हँडल डावीकडे पार वळवून मूठ फिरवून सोडली, मग उजवीकडे वळवून सोडली. दोन्ही वेळा ती टपकन आपोआप मिटली. "ही परीक्षा दर महिन्याला घ्या. नापास झाली, तर गाडी बाहेर काढू नका."

परतीच्या वाटेवर वाघजाईला पुन्हा थांबलो. म्हातारीने ओळखले, भजी जास्त घातली. कठड्याशी उभे राहून खाली पाहताना मनात आले, की संस्कृतात 'स्नेह' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, तेल आणि माया. वीस वर्षे हा शब्द मी वर्गात शिकवतो आहे. मूठ फिरत नाही, हे मला कित्येक आठवडे ठाऊक होते. आणि तरीही मी तिला मागे बसवून घाटात नेले.

"मी तेव्हा ऐकायला हवं होतं," मी म्हणालो.

सौ.ने बशीतले शेवटचे भजे माझ्या हातावर ठेवले. "तेल घरात कपाटाच्या वरच्या खणात आहे," ती म्हणाली. "निळी बाटली. कुणाला विचारावं लागू नये, म्हणून सांगते."